प्राचीन इजिप्तची नवी मोजणी

बांधावरून तंटा लागला की आपण काय करतो? मोजणीदाराला बोलावतो. पूर्वी तो साखळी घेऊन येई, आता यंत्र घेऊन येतो. पण काम तेच. नकाशा उलगडायचा, खुणा तपासायच्या आणि सांगायचे, "दगड इथे होता, इथेच बसवा." दोन्ही घरची माणसे मग गप्प बसतात. माप बरोबर घेतलेले असले की ते कोणाची बाजू घेत नाही.

ही मोजणीची विद्या इजिप्त देशात फार जुनी आहे. तिथे नाईल नदीला दर वर्षी पूर येई, गाळ पसरे आणि शेतांच्या खुणा पुसून जात. पूर ओसरला की दोऱ्या घेतलेले सरकारी लोक येत आणि जमीन पुन्हा मोजून देत. लक्झर गावाजवळ मेन्ना नावाच्या एका अधिकाऱ्याचे थडगे आहे. त्याच्या भिंतीवर दोरीने पीक मोजणाऱ्या या लोकांचे चित्र आजही पाहायला मिळते. उभे पीक, समोर ताणलेली दोरी आणि बाजूला हिशेब लिहिणारा कारकून. आपल्याकडच्या शेतकऱ्याने ते चित्र पाहिले तर त्याला कोणी अर्थ सांगायला नको!

आज त्याच इजिप्तमध्ये एक नवी मोजणी चालू आहे. दोरीच्या जागी प्रकाशाचा किरण आला आहे आणि शेताच्या जागी थडग्यांच्या भिंती, देवळे, पिरॅमिड आणि राजांचे जतन केलेले देह, म्हणजे ममी, मोजल्या जात आहेत. हिशेब ठेवायला कारकुनाऐवजी संगणक आहे. ही मोजणी कशी करतात, आणि मुळात ती करावी का लागली, हे या लेखात पाहू.

लक्झर गावासमोर, नाईलच्या पश्चिमेला, उघड्याबोडक्या डोंगरात एक दरी आहे. तिला राजांची दरी म्हणतात. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाच्या माणसांना तिथे दगडात खोदलेली एक पायरी लागली. त्या पायऱ्या तुतनखामन राजाच्या थडग्यात उतरत होत्या. हा राजा सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी, विशीही न गाठता वारला. आत पाच हजारांहून अधिक वस्तू होत्या. त्या एकेक नोंदवून बाहेर काढायला कार्टरला दहा वर्षे लागली. हॅरी बर्टन नावाच्या छायाचित्रकाराने या सगळ्या कामाची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर घेतली. ही छायाचित्रे ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे मोठे काम पडणार आहे.

जिथे राजाचा देह ठेवला होता ती खोली साधारण सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद. म्हणजे आपल्या शाळेतल्या एका वर्गाहून लहानच. तीन हजार वर्षे ती बंद होती. आत वारा नाही, ओल नाही, माणूस नाही. म्हणून भिंतीवरचे रंग टिकले. मग दार उघडले आणि जगभरची माणसे ती पाहायला येऊ लागली. येणारा माणूस काही वाईट हेतूने येत नाही हो. पण तो श्वास सोडतो, त्याला घाम येतो, त्याच्या पायाबरोबर धूळ येते. पावसाळ्यात पन्नास मुले खिडक्या लावून वर्गात बसली की हवा कशी कोंदट आणि दमट होते, ते शिक्षकांना सांगायला नको. तीच गोष्ट त्या खोलीत वर्षानुवर्षे घडत आली. दमटपणा वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. गिलावा फुगतो, आक्रसतो आणि हळूहळू सुटू लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मग थडगे बंद करून टाकावे, प्रश्न मिटला! पण तसे नाही. लक्झरचे वाटाडे, होडीवाले, खाणावळवाले आणि छोटे दुकानदार यांच्या चुली या पाहुण्यांवर पेटतात. दार उघडे ठेवावे तर भिंत जाते, बंद करावे तर माणसांच्या पोटाचे काय? नव्या मोजणीची खरी गरज या पेचातून निर्माण झाली.

नक्कल करून ठेवण्याची कल्पना काही नवी नाही. पण जुन्या काळी नक्कल करणाऱ्यांनीच मूळ वस्तूचे नुकसान केले. याच दरीत सेती पहिला या राजाचे भव्य थडगे आहे. १८१७ साली जिओवान्नी बेलझोनी या इटालियन माणसाने ते शोधून काढले. त्याने भिंतीवरच्या कोरीवकामाचे मेणाने साचे घेतले. पुढे इतरांनी ओला कागद भिंतीवर दाबून ठसे उतरवले. कागद ओढला की त्याबरोबर रंगही निघून येई! तीन हजार वर्षे टिकलेला रंग घटकाभरात गेला. १८२९ साली तर भिंतीचे दोन तुकडे कापून युरोपात नेण्यात आले. एक पॅरिसला आहे, दुसरा फ्लॉरेन्सला. तेव्हा नव्या मोजणीची पहिली अट अशी ठरली की भिंतीला हात लावायचा नाही.

हात न लावता भिंतीचा चढउतार कसा मोजायचा? एक प्रयोग करून पाहा. संध्याकाळी खोलीत अंधार करा. एक कागद चुरगळून पुन्हा थोडा उलगडा आणि टेबलावर ठेवा. एका बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाका आणि मध्ये सरळ पट्टी धरा. पट्टीची कड सरळ आहे, पण कागदावर पडलेल्या तिच्या सावलीची कड वरून पाहिली तर वाकडीतिकडी दिसेल. जिथे उंचवटा तिथे ती एका बाजूला सरकेल, जिथे खळगा तिथे दुसऱ्या बाजूला. किती सरकली हे मोजले की कागद तिथे किती वर किंवा खाली आहे ते गणिताने काढता येते. यंत्रातही हेच चालते. सावलीऐवजी लेसर किरणाची बारीक लाल रेघ भिंतीवरून फिरते, शेजारचे कॅमेरे तिचे वाकणे टिपतात आणि संगणक त्यावरून उंची-खोली काढतो. यालाच स्कॅनिंग म्हणतात.

२००९ साली माद्रिद शहरातल्या 'फॅक्टम आर्ते' या संस्थेच्या लोकांनी इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने तुतनखामनच्या खोलीची अशी मोजणी केली. किती बारीक, तर एका चौरस मीटरात दहा कोटी ठिकाणी! आकडा ऐकून दचकू नका, फळ्यावर मांडून पाहा. एका मिलिमीटरच्या रेघेवर दहा बिंदू घेतले, तर एका चौरस मिलिमीटरात शंभर बिंदू झाले. एका चौरस मीटरात दहा लाख चौरस मिलिमीटर असतात. दहा लाखांना शंभराने गुणा. झाले दहा कोटी. त्याशिवाय रंगांची वेगळी, अतिशय बारकाईची छायाचित्रे घेतली.

या मापांवरून यंत्राने तशीच भिंत कोरली आणि रंगांची छपाई एका पातळ, लवचिक पापुद्र्यावर करून तो तिच्यावर बेमालूम चढवला. २०१४ साली ही जोडखोली राजांच्या दरीच्या वाटेवर, कार्टर ज्या घरात राहत असे त्या घराजवळ, जमिनीखाली उभारून लोकांसाठी उघडण्यात आली. आणि आता बर्टनची छायाचित्रे आठवा. मोठ्या वस्तू बाहेर काढताना कार्टरला मधल्या भिंतीचा एक चित्रित भाग फोडावा लागला होता. मूळ थडग्यात तो भाग आता नाही. पण जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्राच्या आधाराने त्याचीही प्रतिकृती तयार केली. म्हणजे मूळ जागी जे दिसत नाही, ते नकलेत पाहायला मिळते.

"नक्कल ती नक्कलच, अस्सलाची सर तिला कुठून येणार?" असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. राजाच्या मृत्यूनंतर ज्या चित्रकाराने घाईघाईने ती भिंत रंगवली, त्याचा हात तिथे आहे, इथे नाही. पण नकलेसमोर तुम्ही हवा तितका वेळ उभे राहा, भिंतीच्या अगदी जवळ जा, कोणाचे नुकसान होत नाही. आणि इथे आलेला पाहुणाही होडीत बसतो, वाटाड्या घेतो, गावात जेवतो. अस्सलाचे आयुष्य वाढावे म्हणून नकलेने गर्दीचा भार आपल्या अंगावर घ्यायचा, असा हा विचार आहे.

मूळ थडग्याचीही देखभाल झाली. अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेने इजिप्तच्या खात्याबरोबर २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे तिथे काम केले. भिंतींवर तपकिरी डाग आहेत. लोकांना भीती होती की ही बुरशी पसरत चालली आहे. तेव्हा आजच्या डागांची तुलना बर्टनच्या छायाचित्रांशी केली. डाग जिथल्या तिथे होते, वाढलेले नव्हते! तपासणीत कळले की ते करणारे सूक्ष्म जीव केव्हाच मेलेले आहेत. ज्याने ती छायाचित्रे घेतली त्याला ठाऊकही नव्हते की नव्वद वर्षांनी ती कोणत्या कामी येतील. नीट ठेवलेल्या नोंदीचे हेच वैशिष्ट्य आहे. तिचा उपयोग बहुधा ती ठेवणाऱ्याला होत नाही, मागून येणाऱ्याला होतो.

पण यंत्राने सांगितले म्हणजे ते खरेच, असे मात्र समजू नका. याबाबत एक बोधप्रद प्रकरण घडले. फॅक्टम आर्तेची ही बारीक मापे इंटरनेटवर सगळ्यांना पाहण्यासाठी ठेवली होती. २०१५ साली निकोलस रीव्ह्‌ज या ब्रिटिश विद्वानाने ती पाहिली. त्याला रंगाखाली सरळ रेघा दिसल्या. त्याने म्हटले की या बुजवलेल्या दारांच्या खुणा आहेत आणि पलीकडे राणी नेफरतितीचे दफन असावे. जगभर खळबळ उडाली. रडारने भिंती तपासल्या. पहिल्या तपासणीनंतर पलीकडे पोकळी असण्याची शक्यता नव्वद टक्के आहे, असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले. २०१६ साली दुसऱ्या पथकाने तपासले, तर मेळ बसेना. शेवटी इटलीतल्या तुरीनच्या तंत्रविद्यापीठाच्या पथकाने पुन्हा कसून तपासणी केली आणि २०१८ साली निष्कर्ष जाहीर झाला की लगत कोणतीही गुप्त खोली नाही.

काही लोक निराश झाले. मला मात्र यात निराश होण्यासारखे काही वाटत नाही. मापे सगळ्यांसमोर होती म्हणून एकाला शंका काढता आली, आणि त्याच कारणाने इतरांना ती तपासता आली. भिंतीला कोणी पहार लावली नाही. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी अशी शंका आली असती, तर आधी भिंत फोडली असती आणि मग चूक कळली असती!

आता ममींची गोष्ट. पूर्वी ममीत काय आहे हे पाहायचे तर तिच्या पट्ट्या सोडाव्या लागत. एकदा सोडलेल्या पट्ट्या पुन्हा तशा बसत नाहीत. आज इस्पितळातले सी.टी. स्कॅनचे यंत्र हे काम करते. ते क्ष-किरणांनी देहाची चहूबाजूंनी चित्रे घेते. काकडीच्या पातळ चकत्या कराव्यात तशा देहाच्या शेकडो चकत्या चित्रात दिसतात, पण सुरी कुठेच लागत नाही. संगणक त्या चकत्या पुन्हा एकावर एक रचतो आणि हवा तो थर बाजूला करून आतले दाखवतो.

यातले एक उदाहरण मुंबईकरांनी स्वतः पाहिले आहे. नेसपेरेन्नुब नावाचा एक पुजारी इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास कर्नाकच्या देवळात होता. त्याची ममी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या दीड हजारांहून अधिक चकत्या यंत्राने टिपल्या. त्यांत त्याच्या डोक्याला मागून चिकटलेला कच्च्या मातीचा एक ओबडधोबड वाडगा दिसला! देहाला राळ लावताना ओघळ झेलायला कारागिरांनी तो ठेवला असावा. राळ सुकली आणि वाडगा निघेना. मग तसाच पट्ट्यांत गुंडाळून टाकला. धन्याला कळणार नाही अशी खात्री होती, आणि अठ्ठावीसशे वर्षे ती खरीही ठरली. २०१२ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात या पुजाऱ्याचे प्रदर्शन भरले होते.

दुसरे उदाहरण आमेनहोतेप पहिला या राजाचे. त्याच्या ममीवर फुलांच्या माळा आणि सुंदर मुखवटा असल्याने ती कोणी उघडली नव्हती. २०२१ साली कैरोच्या क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तिच्या स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. राजा वारला तेव्हा सुमारे पस्तीस वर्षांचा होता, उंची १६९ सेंटिमीटर, दात उत्तम. आत तीस ताईत आणि सोन्याच्या मण्यांचा कमरपट्टा जिथल्या तिथे होते. या राजाच्या मृत्यूनंतर चार शतकांनी चोरांनी ही ममी विस्कटली होती आणि पुजाऱ्यांनी ती पुन्हा बांधली होती. त्या पुजाऱ्यांनी दागिने आपल्या काळच्या राजांसाठी काढून घेतले असावेत असा एक संशय होता. निदान या राजाबाबत तरी त्यांनी तसे केले नव्हते. तीन हजार वर्षांनी त्यांच्यावरचा बट्टा धुऊन निघाला.

शेवटी सर्वांत मोठी वस्तू, खुफू राजाचा पिरॅमिड. मुळात १४६ मीटर उंच असलेला हा दगडांचा डोंगर. त्याच्या पोटात क्ष-किरण पोचत नाहीत. तिथे शास्त्रज्ञांनी आकाशाचीच मदत घेतली. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि पावसासारखे सतत आपल्यावर कोसळतात. तुमच्या उघड्या तळहातातून दर मिनिटाला सुमारे शंभर म्यूऑन आरपार जातात, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दाट झाडाखाली पाऊस कमी पडतो, पाने विरळ असतील तिथे जास्त. झाडाखाली जागोजागी भांडी मांडली, तर कोणत्या भांड्यात किती पाणी साचले यावरून, वर न पाहताही झाड कुठे विरळ आहे हे सांगता येईल. पिरॅमिडमध्ये असेच केले. आत आणि बाजूला कण मोजणारी साधने मांडली. जिथून जास्त कण आले तिथे वर दगड कमी, म्हणजे पोकळी!

या युक्तीची पहिली चाचणी अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी १९६०च्या दशकात शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये केली. तपासलेल्या भागात त्यांना नवी पोकळी आढळली नाही. २०१५ साली कैरो विद्यापीठ, फ्रान्स आणि जपान येथील लोकांनी खुफूच्या पिरॅमिडची तपासणी हाती घेतली. २०१७ साली त्यांनी निदान तीस मीटर लांबीची मोठी पोकळी जाहीर केली. तीन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांनी तीच जागा दाखवली, म्हणून विश्वास बसला. २०२३ साली उत्तरेच्या बाजूचा नऊ मीटर लांबीचा एक बोळ नक्की झाला. दगडांच्या सांध्यातून बारीक कॅमेरा सरकवून तो डोळ्यांनीही पाहिला. या कणांशी आपलाही परिचय जुना आहे. १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून हेच कण मोजत होते.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो यंत्राचा नाही, माणसांचा आहे. ही मापे कोणाच्या ताब्यात राहणार? पूर्वी मूर्ती आणि भिंतीचे तुकडे बाहेरच्या देशांत गेले. उद्या मापेही तशीच गेली, तर इजिप्तच्या मुलांनी आपल्याच पूर्वजांचा अभ्यास करायला दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे काय? नेफरतिती राणीचा प्रसिद्ध मुखपुतळा १९१२ साली इजिप्तमध्ये सापडला आणि बर्लिनला गेला. त्याची संगणकीय मापे तयार असूनही लोकांना मिळण्यासाठी काही वर्षे पाठपुरावा करावा लागला. ती २०१९ साली खुली झाली. म्हणून २०१७ साली लक्झरला जे घडले ते मला मोलाचे वाटते. तिथल्या स्टॉपलेअर हाउस या जुन्या वास्तूची दुरुस्ती करून तीत स्कॅनिंगचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तिथे इजिप्तचेच तरुण-तरुणी यंत्र चालवायला शिकले आणि सेती राजाच्या थडग्याची मोजणी करू लागले. बेलझोनीने जिथे मेण लावले होते, तिथे आता त्या मातीतली मुले भिंतीला न शिवता माप घेतात.

आणि एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. भिंतीवरचा रंग तीन हजार वर्षे टिकला. संगणकातली नोंद किती टिकेल? पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज कोणत्या यंत्रात घालाल? तबकड्या बिघडतात, यंत्रे बदलतात, जुनी लिपी नव्या यंत्राला वाचता येत नाही. तेव्हा एकदा मोजले आणि कपाटात ठेवले, एवढ्याने भागत नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कणगीत नुसते ठेवलेले बियाणे काही वर्षांत उगवेनासे होते. ते टिकवायचे तर दर काही हंगामांनी पेरावे लागते, नवे काढावे लागते आणि चार घरी वाटून ठेवावे लागते; म्हणजे एकाकडचे गेले तरी दुसऱ्याकडचे राहते. या मापांचेही तसेच आहे. ती वेळोवेळी नव्याने उतरवावी लागतात, अनेक ठिकाणी ठेवावी लागतात आणि पुढच्या पिढीला वाचायला शिकवावी लागतात. हे काम यंत्र आपण होऊन करणार नाही. ते माणसांनाच करावे लागेल, आणि शाळा हे त्याचे पहिले ठिकाण आहे.